मी दारात आले की रेडिओ गप होतो

रेडिओ व्यवस्थित वाजत होता, आणि नेमकी तीच अडचण होती.

जानकीबाई माझ्याकडे बघत होत्या आणि मी रेडिओकडे. संध्याकाळचे साडेसहा वाजून गेले होते. उघड्या दारातून वालाचं शेत दिसत होतं, त्यावर पातळ धुकं उतरायला लागलं होतं. रेडिओवर एक गृहस्थ सावकाश काहीतरी सांगत होते. आवाज इतका स्वच्छ, की त्यांनी कागद उलटलेलाही ऐकू आला. बिघाड शोधायला आलेल्या माणसासमोर यंत्र असं शहाण्यासारखं वागायला लागलं की त्याला कुठे तोंड लपवू असं होतं.

"बगा, दादा," जानकीबाई म्हणाल्या. "तुमच्यासमोर वाजतो. मी दारात आले की गप होतो. त्याचा माझ्यावरच राग हाय."

त्या हसत नव्हत्या. मलाही हसता आलं नाही.

मी पेणचा. चौतीस वर्षं सरकारी रेडिओच्या ट्रान्समीटरवर नोकरी केली. म्हणजे जिथून कार्यक्रम हवेत सोडतात, त्या उंच खांबाखाली. स्टुडिओतली माणसं बोलायची, आम्ही ते बोलणं पाठवायचो. रिटायर झाल्यावर पडवीत एक टेबल मांडलं आणि लोकांचे रेडिओ दुरुस्त करायला लागलो. हल्ली रेडिओ कोण ऐकतं, असं माझी बायको दर दोन दिवसांनी विचारते. ऐकतात. कमी ऐकतात, पण जे ऐकतात ते मनापासून ऐकतात.

त्या आठवड्यात सोमवारी मला सुगंधाचा फोन आला होता, माझा नंबर तिला केंद्रातून मिळाला होता. सुगंधा ही जानकीबाईंची मुलगी. खांबजवळच्या कातकरी वाडीतली, रोह्याला कॉलेजपर्यंत शिकलेली. मुंबईच्या केंद्राने नवीन डिजिटल वाहिनीवर तिला तीन महिन्यांसाठी शेतीचा कार्यक्रम दिला होता. दर गुरुवारी आणि शुक्रवारी, संध्याकाळी साडेसहा ते पावणेसात. पहिल्या पगारात तिने आईला डिजिटल रेडिओ घेऊन दिला. तीन महिने संपत आले होते, हा शेवटचा आठवडा. पुढे पुन्हा काम मिळेल की नाही, तिलाही ठाऊक नव्हतं. आणि आईने तिला रेडिओवर एकदाही ऐकलं नव्हतं. दिवसभर वाजणारा रेडिओ संध्याकाळी तिच्या वेळेला बंद पडायचा.

"काका, दोनच कार्यक्रम उरलेत," सुगंधा म्हणाली. "तेवढं बघाल का?"

आता फोनवर ऐकायला काय हरकत, असं कुणीही म्हणेल. मीही म्हणालो होतो. वाडी डोंगराच्या कुशीत आहे, घरात रेंज नाही. बोलायचं तर वर पाण्याच्या टाकीपर्यंत चढायचं. सुगंधाने एकदा कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग पाठवलं होतं, ते जानकीबाईंनी टाकीपाशी बसून ऐकलंही होतं. पण त्याने त्यांचं समाधान झालं नव्हतं. सोमवारीच टाकीवरून मला फोन करून म्हणाल्या, "ते तिनं मला पाठवलेलं. मला ती लोकांशी बोलताना ऐकायची हाय." मी पिशवी भरायला घेतली.

मंगळवारी दुपारी पहिल्यांदा गेलो. पेणहून एसटीने खांबला उतरून शेताच्या बांधाने वीस मिनिटं चाललं की वाडी. एका खोलीचं घर, मागे पडवी, कोनाड्यात रेडिओ. आमच्या धंद्यात पहिला संशय घरातल्या दिव्यांवर. स्वस्तातले एलईडी बल्ब आणि मोबाइलचे चार्जर विजेचा बारीक कचरा हवेत उडवत असतात. आपल्याला दिसत नाही, रेडिओला तो झोंबतो. घरात एक बल्ब होता आणि एक चार्जर. दोन्ही लावून पाहिले, काढून पाहिले. रेडिओ नुसत्या बॅटरीवर चालवून पाहिला. काही फरक नाही. छान वाजत होता.

तरी हात हलवत परत जाणं मला जमत नाही. मी पिशवीतून तांब्याची वायर काढली आणि मागच्या भिंतीबाहेर, घराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एरियल ताणली. रेडिओच्या पडद्यावरचे सिग्नलचे आकडे चांगले वाढले. स्वतःवर खूश होऊन मी एसटी पकडली. संध्याकाळी रेडिओ पुन्हा गप झाला. बुधवारी सकाळी सुगंधाचा फोन आला तेव्हा तिच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि त्यामुळे मला जास्त लागलं.

म्हणून बुधवारी मी संध्याकाळचाच गेलो. माझ्या मनात एक विचार पक्का झाला होता. ही डिजिटल वाहिनीही जुन्या मीडियम वेव्हवरूनच येते, आणि मीडियम वेव्हचं एक गमतीचं वागणं असतं. दिवसा तिच्या लहरी जमिनीला धरून चालतात. सूर्य बुडाला की वरचं आकाश आरशासारखं होतं आणि त्याच लहरी वर जाऊन परत खाली येतात. म्हणून दिवसा न लागणारी दूरदूरची केंद्रं अंधार पडता पडता ऐकू यायला लागतात. नोकरीच्या पहिल्या वर्षी, संध्याकाळच्या शिफ्टला, मी खांबाखाली खुर्ची टाकून बसायचो आणि हातातल्या ट्रान्झिस्टरवर कुठल्या तरी अनोळखी भाषेतलं गाणं ऐकायचो. त्या गावात आत्ता दिवे लागले असतील, कुणी तरी चूल पेटवत असेल, असं वाटत राहायचं. गाणं जवळ यायचं, लांब जायचं. इतक्या वर्षांनीही सांज झाली की माझा हात आपोआप रेडिओकडे जातो.

तर मला वाटलं, हाच प्रकार. आकाशातून आलेली लहर आणि जमिनीवरून आलेली लहर एकमेकींना भिडत असतील आणि रेडिओ गोंधळत असेल. ट्रान्समीटरवर अजून नोकरीत असलेल्या माझ्या जुन्या सहकाऱ्याला फोन करून पॉवर कमी करतात का तेही विचारलं. तो म्हणाला, कमी करत नाही, तुम्ही आराम करा. आणि बुधवारी साडेसहाला, सुरुवातीला सांगितलं तसा, रेडिओ वाजतच राहिला. जानकीबाई माझ्यासमोर बसून होत्या. मला चहा केला, पोपटीचे, मडक्यात भाजलेले गरम वाल पुढे ठेवले. पावणेसातपर्यंत एकदाही आवाज तुटला नाही. तेव्हाच त्या म्हणाल्या, की त्याचा माझ्यावर राग आहे.

परतीच्या एसटीत मी खिडकीला डोकं टेकून विचार करत होतो. वडखळ कधी गेलं कळलं नाही. चौतीस वर्षं आम्ही आवाज सोडत राहिलो, तो पुढे कुणाकुणाच्या घरी जाऊन बसला, कुणाच्या दारातून परत फिरला, हे आम्हाला कधीच दिसलं नाही. आमच्या पॅनेलवर सगळे काटे जागच्या जागी असायचे. एका घरात एक बाई कोनाड्यापुढे बसून वाट बघते आहे, हे दाखवणारा काटा तिथे नव्हता.

गुरुवारी पाचलाच पोचलो. आज सुगंधा बोलणार होती. जानकीबाईंनी स्वच्छ लुगडं नेसलं होतं, अंगण शेणाने सारवलं होतं. पण चेहरा उतरलेला. मी विचारलं तेव्हा कळलं की शेतवाल्या नानांनी सकाळी चार शब्द सुनावले होते. आदल्या दिवशी संध्याकाळचं काम उशिरा झालं आणि रानडुकरांनी शेताचा एक कोपरा उकरला. पाहुणे होते म्हणून उशीर झाला, असं त्यांनी सांगितलं नव्हतं. पाहुणा म्हणजे मी. मला ओशाळल्यासारखं झालं, पण काम कुठलं, हे विचारायचं मला सुचलं नाही. शेतावर कामं असतातच.

सहा वाजून गेल्यावर त्या उठल्या. "आलेच, दादा," म्हणाल्या आणि बांधाने निघाल्या. रेडिओ वाजत होता. डोंगरामागे सूर्य गेला होता. कोलाडच्या बाजूने रेल्वेची शिट्टी ऐकू आली. मी डोळे मिटून बसलो होतो, आणि सव्वासहाला रेडिओ गप झाला.

डिजिटल रेडिओची गप्प होण्याची तऱ्हा वेगळी असते. जुना रेडिओ बिघडताना खरखरायचा, कुरकुरायचा, काहीतरी सांगायचा. डिजिटलमध्ये आवाजाचे आकडे करून पाठवतात आणि रेडिओ ते आकडे जुळवून परत आवाज बनवतो. थोडे आकडे हरवले तर तो सांभाळून घेतो. जास्त हरवले तर चुकीचं बोलण्यापेक्षा तो तोंडच मिटतो. काय दुखतंय ते सांगत नाही. समोर पडदा उजळलेला आणि आवाज नाही.

पाचेक मिनिटांनी जानकीबाई बांधावरून परत येताना दिसल्या. दारात आल्या, रेडिओ ऐकला, म्हणजे न वाजणं ऐकलं, आणि तिथेच उंबऱ्याबाहेर थांबल्या. माझ्याकडे पाहिलं. त्यांचं म्हणणं खरंच होतं. त्या दारात आल्या आणि रेडिओ गप होता.

माझ्या पिशवीत एक जुना साधा ट्रान्झिस्टर असतो. नव्या रेडिओचं दुखणं मी त्याच्याकडून ऐकून घेतो. तो मीडियम वेव्हवर लावला, कुठल्याही केंद्रावर नाही, नुसत्या मोकळ्या जागी. खरखर आली, आणि त्या खरखरीतून टक. मग टक. पुन्हा टक. सेकंदाला एक, घड्याळ लावून घ्यावं असा.

"जानकीबाई, तुम्ही आत्ता कुठे गेला होतात?"

"मशीन लावायला."

"कसलं मशीन?"

"झटका मशीन. डुकरांचं. रोज सांजचं मीच लावते, सकाळी मीच बंद करते."

झटका मशीन म्हणजे बॅटरीवर चालणारा एक डबा. शेताभोवती बारीक तार ताणलेली असते, तिच्यात हा डबा दर सेकंदाला एक जोरदार झटका सोडतो. डुकराचं नाक तारेला लागलं की ते मागे पळतं, मरत नाही. तारेचं काम नीट असेल तर रेडिओला त्याचा फारसा त्रास होत नाही. कुठे तार सैल असेल, तर प्रत्येक झटक्याला तिथे ठिणगी उडते आणि ती ठिणगी सगळ्या मीडियम वेव्हवर ओरडते. बुधवारी जानकीबाई माझ्यासमोर बसून राहिल्या, मशीन मी गेल्यावर लागलं, म्हणून बुधवारी रेडिओ वाजला. मी दोन दिवस आकाशात शोधत होतो आणि बटण त्यांच्याच हातात होतं.

हे मी त्यांना समजावून सांगितलं, पण सकाळचे शब्द ताजे होते, नानांना विचारल्याशिवाय मशीन बंद करायला त्या तयार नव्हत्या. साडेसहा वाजले. पावणेसात वाजले. आम्ही दोघं उजळलेल्या पडद्यासमोर बसून होतो. ती पंधरा मिनिटं मला फार जड गेली. मुंबईत ती पोरगी बोलत होती, आवाज वाडीवरून जात होता, घराच्या भिंतींतून जात होता, आणि आम्हाला काही ऐकू येत नव्हतं.

मी नानांकडे गेलो. नाना म्हणजे सत्तरीचे, वालाची शेती करणारे, बोलायला तिखट पण ऐकून घेणारे गृहस्थ. सगळं सांगून म्हटलं, उद्या अर्धा तास मशीन उशिरा लावा. ते म्हणाले, डुकरं नेमकी त्याच वेळी उतरतात, कालचा कोपरा जाऊन बघा. मग थोडा वेळ सुपारी कातरत बसले आणि दाराशी उभ्या असलेल्या जानकीबाईंना म्हणाले, "जानकी गो, उद्या पावणेसातला लाव. एक दिवसानं काय बुडत नाय."

"नको, नाना."

"अगो, पोरगी बोलणार हाय ना तुझी?"

"बोलंल ती. वाल मी पेरलेत. माझ्या पोरीपायी डुकरांनी खाल्ले, असं मला नको."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. आता राहिला एकच मार्ग. मशीन चालू राहील आणि रेडिओही वाजेल, असं करून दाखवायचं, आणि त्यासाठी एक दिवस हातात होता.

शुक्रवारी सकाळी आधी रोह्याच्या बाजारात गेलो. तारेचे चार चिमटे, पॉलिश पेपर आणि तार खुंटांना टेकू न देणारे थोडे प्लॅस्टिकचे इन्सुलेटर घेतले. दुपारी नानांनी शेतातली माणसं बाहेर काढली आणि मशीन चालू केलं. मी ट्रान्झिस्टर कानाशी धरून कुंपणाच्या कडेकडेने चालायला लागलो. टक टक सोबतीला होती. शेतात वालाच्या पांढऱ्या फुलांचा वास होता, ऊन मऊ होतं, आणि खरं सांगायचं तर बिघाड शोधायला निघालो आहे हे मी मधेच विसरलो. आवाज नदीच्या बाजूला बारीक झाला. डोंगराच्या बाजूला वाढत गेला. वाडीशी आलो तेव्हा कान दुखेल इतका झाला.

जानकीबाईंच्या घरामागेच तारेला एक गाठ होती. सावलीत डोळे बारीक करून पाहिलं तर दर सेकंदाला तिथे निळा ठिपका चमकत होता.

"ही कुणी बांधली?"

"मीच," त्या म्हणाल्या, जरा अभिमानाने. "म्हशीनं तोडली व्हती. ओढून बगा, निघायची नाय."

मशीन बंद करायला लावून मी ओढून पाहिली. खरंच निघाली नाही. लाकडाचा भारा बांधतात तशी बांधली होती, दोन वेढे आणि टोक आत खोचलेलं. भाऱ्याला ती गाठ जन्मभर पुरेल. पण विजेला तार तारेला घट्ट, स्वच्छ चिकटलेली लागते. इथे मधे गंज होता आणि केसाएवढी फट होती.

मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात माझी नजर वर गेली. गाठीपासून चार हातांवर, कुंपणाला अगदी समांतर, माझी तांब्याची एरियल ताणलेली होती. मंगळवारी मोठ्या कौतुकाने लावलेली. त्या गाठीचा सगळा ओरडा तीच गोळा करून रेडिओच्या कानात ओतत होती. आधीच बिघडलेलं होतं, ते मी आणखी बिघडवून ठेवलं होतं.

"जानकीबाई, तुमची एक गाठ चुकली आणि माझी पूर्ण तार चुकली," मी म्हटलं. तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या.

गंज घासून काढला, चिमटा आवळला, तुटके इन्सुलेटर बदलले, तारेला टेकलेलं गवत कापलं. माझी एरियल गुंडाळून पिशवीत टाकली. मीडियम वेव्ह पकडायला रेडिओच्या पोटात एक काळी कांडी असते. तिची टोकं ज्या दिशेला असतात तिकडचं तिला कमी ऐकू येतं. म्हणून रेडिओ मागच्या कोनाड्यातून काढून पुढच्या खिडकीत ठेवला आणि असा फिरवला, की कांडीचं एक टोक कुंपणाकडे राहील. ही युक्ती फुकटची आहे. घरी रेडिओ नीट लागत नसेल तर आधी जागा बदला, मग सावकाश फिरवून पाहा. माझ्यासारख्याला नंतर बोलवा.

सहा वाजता जानकीबाई मशीनकडे निघाल्या. मी खिडकीशी एकटा. धुकं बांधापर्यंत आलं होतं, त्यात त्या चालत गेल्या आणि दिसेनाशा झाल्या. सव्वासहा झाले. आवाज एकदा अडखळला. माझा हात रेडिओकडे गेला. मग तो पुन्हा सुरू झाला आणि चालूच राहिला. ट्रान्झिस्टरवर टक अजून होती, पण अगदी बारीक, लांबून कुणी दार वाजवावं तशी. तेवढं डिजिटल रेडिओ सांभाळून घेतो.

जानकीबाई परत आल्या आणि उंबऱ्याबाहेर थांबल्या. आत येईनात. आपण आलो की हा गप होईल, ही भीती अजून गेली नव्हती.

"या," मी म्हटलं.

"वाजतोय?"

"वाजतोय. या तुम्ही."

त्यांनी एक पाय आत ठेवला, कान दिला, मग दुसरा ठेवला. रेडिओ वाजत राहिला. त्या खिडकीखाली जमिनीवर बसल्या. साडेसहा वाजले, एक लहानशी धून झाली, आणि सुगंधाचा आवाज घरात आला. नमस्कार शेतकरी बंधू-भगिनींनो. पुस्तकातली भाषा, पण गोड. त्या दिवशीचा विषय होता वालावर पडणारा मावा आणि त्यावर काय करायचं. आईने आयुष्यभर जे केलं, ते लेक सगळ्या जिल्ह्याला समजावून सांगत होती. जानकीबाई मान हलवत नव्हत्या, हसत नव्हत्या, डोळेही पुसत नव्हत्या. ओठ थोडेसे हलत होते, एवढंच. माझेच डोळे भरून आले, ते मी धुक्यावर ढकललं.

पावणेसातला कार्यक्रम संपला. मी वाट बघत होतो. काहीतरी बोलतील, कसा वाटला ते सांगतील. त्या उठल्या, पदर खोचला आणि पायात चपला सरकवल्या.

"कुठे निघालात?"

"टाकीवर. फोन करते तिला."

"छान बोलली, सांगा."

"ते सांगते. पण तिचा घसा बसलाय, दादा. कफ झालाय छातीत. दोन दिस फोनवर इचारते तर म्हणते, बरी हाय."

पंधरा मिनिटं मीही तोच आवाज ऐकला होता, आणि मला त्यात फक्त सिग्नल चांगला ऐकू आला होता.

त्या अंधारात वर चढत गेल्या. मी पिशवी भरली. तेव्हापासून गिऱ्हाइकाला रेडिओला काय झालं असं आधी विचारत नाही. तो बंद पडतो तेव्हा तुम्ही कुठे असता, काय करत असता, ते विचारतो. निम्मे बिघाड तिथेच सापडतात. बाकीच्यांसाठी आवाज स्वच्छ पोचवायचा. त्यातून काय ऐकायचं, ते घरातल्या माणसाला आपल्यापेक्षा चांगलं कळतं.